एकच रेसिपी, तोच साचा, तरी दर पावसाळ्यात पॉलियुरेथेनच्या पट्टीच्या फ्रिंज कमी का होतात

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचंही हेच दुखणं आहे का ते लगेच कळेल. आम्ही प्रोजेक्टच्या मुलांसाठी पारदर्शक पॉलियुरेथेनच्या पट्ट्या लॅबमध्येच ओततो, ३ मिमी जाड आणि १० मिमी रुंद, मग ती पट्टी दोन पोलरायझरच्या मध्ये धरून ताणायची आणि सोडियमच्या दिव्यात काळे पट्टे किती सरकतात ते मोजायचं, त्यालाच फ्रिंज म्हणतात. जानेवारीत ओतलेली पट्टी २० टक्के ताणली की सात-साडेसात फ्रिंज येतात, जुलैत ओतलेली तेवढीच ताणली की पाचच. रेसिपी तीच, साचा तोच, ओव्हनचं तापमान तेच, हातही तेच. आणि हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं पण तीन वर्षं ओळीने पुण्यात पाऊस सुरू झाला की हा प्रकार सुरू.

पहिल्या वर्षी दिव्याला दोष दिला. दुसऱ्या वर्षी वजनकाट्याला, तो बदलून पण घेतला, काही फरक नाही. तिसऱ्या वर्षी मात्र दोन मुलांचं भांडण झालं आणि त्या भांडणातून उत्तर निघालं, म्हणून तेच नीट सांगते.

एक मुलगा पट्टी क्लॅम्पमध्ये धरून स्क्रू फिरवून ताणायचा, म्हणजे १०० मिमीची १२० झाली की थांबायचं आणि फ्रिंज मोजायच्या. दुसरी मुलगी पट्टीला खाली वजन टांगायची, एक किलो, आणि फ्रिंज मोजायची. हा म्हणतो जुलैची बॅच खराब, ती म्हणते मॅडम दोन्ही बॅच सारख्याच आहेत, उलट जुलैच्या पट्टीत जरा जास्तच फ्रिंज दिसतात. मी आधी तिलाच ओरडले, म्हटलं नीट मोज. तिने तीनदा मोजलं. दोघंही बरोबर होते.

असं कसं, ते कळायला पट्टीच्या आत काय चाललंय ते बघावं लागतं. रबरासारख्या कुठल्याही पॉलिमरमध्ये लांबलचक साखळ्या असतात आणि त्या मधूनमधून एकमेकींना गाठी मारल्यासारख्या जोडलेल्या असतात, त्या गाठी म्हणजे क्रॉसलिंक. साखळी म्हणजे काडेपेटीतल्या काड्या टोकाला टोक जोडून केलेली माळ समजा, न ताणता पडलेली असते तेव्हा काड्या वाट्टेल त्या दिशेला, ताणली की थोड्या थोड्या ताणाच्या दिशेला वळायला लागतात, फार नाही, थोड्याच. आता प्रत्येक काडीतून प्रकाश जाताना काडीच्या लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉन जितके सहज हलतात तितके आडव्या दिशेने हलत नाहीत (किंवा उलट, ते पुढे येईल). काड्या विखुरलेल्या असताना सगळं सरासरीत मिटून जातं, ताणल्यावर मिटत नाही, मग उभ्या आणि आडव्या दिशेचा अपवर्तनांक वेगळा होतो. हा फरक म्हणजे बायरिफ्रिंजन्स, आणि फ्रिंज त्याच्यामुळे.

आता गंमत अशी की ताणलेल्या पट्टीत जो स्ट्रेस (म्हणजे क्षेत्रफळामागे बल) येतो तोही याच काड्या वळल्यामुळे येतो, रबर मागे खेचतं कारण साखळ्यांना परत विस्कटायचं असतं. गाठी जास्त मारल्या तर स्ट्रेस वाढतो आणि बायरिफ्रिंजन्सही तेवढाच वाढतो, ताण (म्हणजे पट्टी किती टक्के लांबवली) वाढवला तरी दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. मग दोघांचा भागाकार केला की गाठींची संख्याही उडून जाते आणि ताणही उडून जातो, उरतो तो एक आकडा, स्ट्रेस-ऑप्टिक कोइफिशंट, आपण नुसता ‘सी’ म्हणू. वेर्नर कुन आणि ग्रुन यांनी १९४२ मध्ये याचं सूत्र मांडलं, त्यात फक्त तापमान येतं, पदार्थाचा सरासरी अपवर्तनांक येतो, आणि एका काडीच्या लांबीच्या दिशेचा आणि आडव्या दिशेचा फरक येतो. जाळं किती घट्ट विणलंय याचा त्यात पत्ताच नाही.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या आपण सारख्या मिसळतो. काडी कशाची आहे हे ‘सी’ सांगतो, ती केमिस्ट्री. जाळं किती घट्ट आहे हे मॉड्युलस (पट्टी ताणायला किती जड जाते तो आकडा) सांगतो, ती रेसिपीची आणि क्युअरची (ओतल्यावर पट्टी पक्की होण्याची) करामत. ताण ठरवून फ्रिंज मोजल्या तर दोन्हींचा गुणाकार दिसतो. वजन ठरवून मोजल्या तर जवळजवळ नुसता ‘सी’ दिसतो. आमचा मुलगा गुणाकार बघत होता, मुलगी नुसता ‘सी’ बघत होती.

आकड्यात करून बघा, ‘सी’ समजा ३००० ब्रूस्टर (ब्रूस्टर हे ‘सी’चं एकक, युरेथेन रबराला साधारण एवढा येतो). जानेवारीच्या पट्टीचं शिअर मॉड्युलस समजा ०.९ मेगापास्कल आणि जुलैचं ०.६. २० टक्के ताणावर पहिलीला ७.६ फ्रिंज येतात, दुसरीला ५.१. आता तीच पट्टी एक किलो टांगून बघा, पहिली १३-१४ टक्के ताणते, दुसरी २२ टक्क्यांच्या आसपास, पण फ्रिंज ५.३ आणि ५.५. दुसरीला जरा जास्त येतात कारण ती जास्त ताणल्यामुळे जास्त अरुंद होते. मुलीला ‘उलट जास्तच’ दिसत होत्या त्या ह्या.

इथे एक युक्ती सांगते जी मला स्वतःला फार उशिरा कळली. फ्रिंज कशावर ठरतात, तर बायरिफ्रिंजन्स गुणिले जाडी. बायरिफ्रिंजन्स म्हणजे ‘सी’ गुणिले स्ट्रेस. स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ म्हणजे रुंदी गुणिले जाडी. जाडी वर एकदा, खाली एकदा, कटली. उरलं काय, ‘सी’ गुणिले बल भागिले रुंदी. पट्टीची जाडी मोजायची गरजच नाही! आणि मऊ पट्टीची जाडी व्हर्निअरने मोजणं म्हणजे काय वैताग असतो ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, दाबला की जाडी कमी. फक्त रुंदी मोजायची, तीसुद्धा ताणलेल्या अवस्थेतली, आधीची नाही, मोबाइलने शेजारी पट्टी धरून फोटो काढला तरी चालतं. एककंही छान जुळतात, ब्रूस्टरमधला ‘सी’ गुणिले न्यूटन भागिले मिलिमीटर केलं की उत्तर थेट नॅनोमीटरमध्ये येतं, त्याला सोडियमच्या प्रकाशाच्या तरंगलांबीने, म्हणजे ५८९ ने भागा की फ्रिंज. उदाहरणार्थ नॅचरल रबर, ‘सी’ सुमारे २०००, अर्धा किलो टांगलं म्हणजे ४.९ न्यूटन, ताणल्यावरची रुंदी १० मिमी, तर ९८० नॅनोमीटर. झालं.

तर पहिली पायरी हीच. वेगवेगळी चार-पाच वजनं टांगा, प्रत्येक वेळी रुंदी आणि फ्रिंज लिहा, आडव्या अक्षावर बल भागिले रुंदी, उभ्यावर नॅनोमीटर, रेघ काढा. दोन्ही बॅचच्या रेघा एकमेकींवर बसल्या तर केमिस्ट्री तीच आहे, जाळं सैल-घट्ट झालंय. रेघांचा उतार वेगळा आला तर काडीच बदललीय. ह्या एका आलेखाआधी कुणावरही संशय घेऊ नका.

बरेच जण इथे मूळ क्षेत्रफळाने भागतात, म्हणजे ताणायच्या आधीचं, आणि मग म्हणतात की ‘सी’ ताणाबरोबर वाढतोय. वाढत नाहीये. दुप्पट ताणलेल्या रबराचं क्षेत्रफळ अर्धं होतं, तिथे खरा स्ट्रेस तुमच्या आकड्याच्या दुप्पट असतो. थिसिसमध्येसुद्धा ही चूक बघितलीय.

आमच्या रेघा एकमेकींवर बसल्या. म्हणजे जाळं सैल. मग सैल का, तर पावसाळा आणि युरेथेन म्हटल्यावर खरं तर तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती पण पेटली नाही, लॅबमधल्या मामांनी पेटवली. ते म्हणाले, मॅडम, हा हार्डनरचा डबा फुगलाय बघा. झाकण खरंच वर आलेलं.

हार्डनर म्हणजे आयसोसायनेट, आणि आयसोसायनेटला पाणी मिळालं की तो पॉलिओलची (म्हणजे ज्याच्याशी जुळून त्याने पॉलियुरेथेन बनवायचं त्या दुसऱ्या घटकाची) वाट बघत बसत नाही, पाण्याशी जुळतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, डबा त्यानेच फुगतो. हिशोब भयंकर आहे. पाण्याचा एक रेणू आयसोसायनेटची दोन टोकं खातो, म्हणजे एमडीआय (नेहमी वापरला जाणारा एक आयसोसायनेट) असेल तर १८ ग्रॅम पाणी २५० ग्रॅम एमडीआय खाणार, एका ग्रॅमला जवळजवळ १४ ग्रॅम. पॉलिओलमध्ये ०.१ टक्का ओलावा असला, जो डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही, तरी एका किलोत एक ग्रॅम पाणी झालं आणि तुमच्या काट्यावर अचूक मोजलेला १४ ग्रॅम हार्डनर गेला. मग साखळ्यांची टोकं मोकळी राहतात, गाठी कमी पडतात, पट्टी मऊ होते. आणि ही मोकळी लोंबणारी टोकं ना वजन उचलतात ना ताणाच्या दिशेला वळून राहतात, त्यामुळे ‘सी’ला फारसा धक्का लागत नाही, म्हणून तर आमच्या रेघा बसल्या.

उपाय साधे आहेत, फक्त कंटाळा करून चालत नाही. पॉलिओल आधी व्हॅक्यूममध्ये ८०-१०० डिग्रीला ठेवून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत कोरडा करायचा, गार होतानासुद्धा उघडा ठेवायचा नाही. हार्डनर मोठ्या डब्यातून सारखा काढायचा नाही, नवीन डबा आला की लगेच छोट्या कोरड्या बाटल्यांमध्ये वाटून ठेवायचा, वरच्या रिकाम्या जागेत कोरडा नायट्रोजन सोडायचा, एक बाटली एका बॅचला. बाटलीत गढूळपणा किंवा तळाला पांढरं दिसलं तर ती वापरायची नाही. मिसळायची भांडी आणि चमचे ओव्हनमधून काढून वापरायचे, कागदी कप आणि लाकडी काड्या तर पावसाळ्यात विसराच, त्या पाणी धरून बसलेल्या असतात. आणि फुगलेला डबा घट्ट बंद करून कपाटात ठेवू नका, आत दाब वाढत राहतो. हातमोजे आणि एक्झॉस्ट याबद्दल सांगायला नको, आयसोसायनेटची वाफ छातीला वाईट असते, एकदा त्याची ॲलर्जी बसली की थोड्याशानेही दम लागतो.

एवढं केल्यावर पुढच्या जुलैत क्लॅम्पवाल्या मुलाच्या फ्रिंजही जागेवर आल्या. मला वाटलं संपलं.

नाही संपलं. दिवाळीनंतरच्या बॅचला रेघेचा उतारच खाली आला, वजन टांगूनसुद्धा फ्रिंज कमी. यावेळी मॉड्युलस ठीक होतं, ‘सी’ पडला होता. शोधलं तर दुकानदाराने न विचारता हार्डनर बदलून दिलेला, ‘पिवळा न पडणारा’, उलट चांगला म्हणून. आता पिवळा न पडणारा म्हणजे काय, तर एमडीआय किंवा टीडीआयमध्ये बेंझिनची कडी असते, ती उन्हात पिवळी पडते, म्हणून पारदर्शक कोटिंगवाले बिनकडीचे, म्हणजे ॲलिफॅटिक आयसोसायनेट वापरतात. कोटिंगला छानच आहे. पण आमच्या फ्रिंज त्या कडीच्याच जिवावर होत्या! साखळीच्या कण्यात बसलेल्या बेंझिनच्या कडीत इलेक्ट्रॉन कडीच्या सपाटीत मोकळे हिंडतात, ती कडी ताणाच्या दिशेला वळली की त्या दिशेचा अपवर्तनांक चांगलाच चढतो. कडी काढली, काडी फिकी झाली. रेसिपीतलं प्रमाण, कडकपणा, दिसणं, सगळं तेच राहून ‘सी’ तेवढा घसरला.

रचनेचा परिणाम किती मोठा असू शकतो ते सिलिकोन आणि नॅचरल रबर शेजारी ठेवले की कळतं. नॅचरल रबराचा ‘सी’ २००० च्या आसपास आणि पीडीएमएस सिलिकोनचा दीडशे-पावणेदोनशे. दहा-बारा पटीचा फरक. लोक म्हणतात की सिलिकोनचा अपवर्तनांक कमी असतो म्हणून, १.४१ विरुद्ध १.५२. तो हिशोब करून बघा, कुन-ग्रुनच्या सूत्रात अपवर्तनांकाचा जो भाग आहे त्यात या दोन आकड्यांनी जेमतेम आठ टक्के फरक पडतो. बाकी सगळा फरक काडीचा. नॅचरल रबराच्या कण्यात दर चार कार्बनमागे एक दुहेरी बंध आहे, तो लांबीच्या दिशेने सहज ध्रुवित होतो, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन त्या दिशेने सहज हलतात. सिलिकोनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन, आणि प्रत्येक सिलिकॉनला दोन मेथिल चिकटलेले, मग कण्याच्या दिशेने जेवढं तेवढंच जवळपास आडव्या दिशेनेही, वजाबाकी केली की हातात काही उरत नाही. त्यात तो कणा इतका लवचीक की काडीसुद्धा आखूड.

म्हणून ‘माझ्या सिलिकोनच्या पट्टीत रंगच दिसत नाहीत, पोलरायझर खराब आहे का’ असं कुणी विचारलं की मी आधी हिशोब करायला सांगते. ३ मिमी जाड सिलिकोन २० टक्के ताणलं तर साधारण १५० नॅनोमीटर येतात. एवढ्यात राखाडी-पांढरंच दिसणार, पहिला जांभळट रंग दिसायला साडेपाचशे लागतात. पोलरायझर ठीक आहे हो, पट्टी जाड घ्या किंवा मध्ये टिंट प्लेट (आधीच साडेपाचशेच्या आसपास फरक घालून देणारी पारदर्शक चकती) टाका, म्हणजे तेवढासा फरकही रंगात ओरडून दिसतो. मुलांना नुसते रंग दाखवायचे असतील तर सरळ फिकट, बिनरंगी लॅटेक्सचा तुकडा घ्या.

आता त्या ‘किंवा उलट’ची गोष्ट. पॉलिस्टायरिन घ्या. त्यातही बेंझिनची कडी आहे, पण कण्यात नाही, बाजूला लटकलेली आहे. बांगडा माशाचा काटा डोळ्यासमोर आणा, मधला कणा आणि दोन्ही बाजूंना आडवे काटे. कणा ताणाच्या दिशेला वळला की बाजूचे काटे आडवे होतात, आणि इलेक्ट्रॉन सगळे त्या आडव्या काट्यांत. मग आडव्या दिशेचा अपवर्तनांक जास्त, ‘सी’ उणे, आणि थोडाथोडका नाही, वितळलेल्या अवस्थेत उणे ५००० ब्रूस्टरच्या आसपास. पॉलिकार्बोनेटमध्ये त्याच कड्या कण्यात आहेत तर ‘सी’ अधिक चिन्हाचा आणि तितक्याच तोडीचा. एकच कडी, फक्त बसायची जागा बदलली, आणि चिन्ह फिरलं. सीडी पॉलिकार्बोनेटच्या असतात, त्या साच्यात ओतताना साखळ्या वळून गोठू नयेत म्हणून कारखान्यांना किती आटापिटा करावा लागला असेल, लेझरला ते चालत नाही ना.

पॉलिस्टायरिनची आणखी एक खोड आहे. वितळलेलं असताना ‘सी’ उणे आणि थंड, कडक असताना तुम्ही दाबलं-ताणलं तर अधिक, साधारण दहा ब्रूस्टर, म्हणजे अगदीच किरकोळ. कारण कडक अवस्थेत साखळ्या वळतच नाहीत, नुसते बंध आणि कड्या जागच्या जागी किंचित वाकतात, तो वेगळाच प्रकार. हे मी मुद्दाम सांगतेय कारण युरेथेनमध्येही ह्याचा सौम्य अवतार भेटतो. थंडीत सकाळी सातला एसी लॅबमध्ये केलेली मोजणी आणि दुपारची मोजणी जुळत नसेल, वजन टांगल्यावर फ्रिंज दोन-तीन मिनिटं सरकत राहत असतील, तर तुमची पट्टी त्या तापमानाला पुरती रबर नाहीये, काही भाग अजून कडक आहे. अशा वेळी वजन टांगून पाच मिनिटं थांबा, मग मोजा, नाहीतर पट्टी ४० डिग्रीला नेऊन मोजा. सरकणं थांबलं तर हेच होतं. सिलिकोनला ही अडचण नाही, तो गोठायच्या कितीतरी वर असतो, पण त्याची वेगळी खोड म्हणजे त्याचा ‘सी’ तापमान वाढवलं की सूत्रापेक्षाही जोरात घसरतो, त्यामुळे सिलिकोनवर काम असेल तर थर्मामीटर शेजारीच ठेवा.

रेघ सरळ न येता वाकत असेल तर कुठल्या बाजूला वाकते ते बघा, निम्मं निदान तिथेच होतं.

वर वाकत असेल, म्हणजे जास्त स्ट्रेसला अपेक्षेपेक्षा जास्त फ्रिंज, आणि पट्टी नॅचरल रबराची असेल, तर स्फटिक बनतायत. नॅचरल रबराच्या साखळ्या इतक्या एकसारख्या असतात की तिप्पट-चौपट ताणल्या की शेजारी शेजारी नीट रांगेत बसतात आणि तिथे स्फटिक तयार होतो, काट्झने १९२५ मध्ये एक्स-रे टाकून हे दाखवलं होतं. स्फटिकातल्या साखळ्या पूर्ण ताणाच्या दिशेला, त्यामुळे बायरिफ्रिंजन्स एकदम उडी मारतो, स्ट्रेस तेवढा वाढत नाही. खात्री करायची सोपी रीत म्हणजे वजनं एकेक करून काढा आणि परतीची रेघही काढा, स्फटिक असतील तर जाण्याची रेघ आणि येण्याची रेघ वेगळी येते, कारण स्फटिक लगेच वितळत नाहीत. उपाय काय, तर दुपटी-अडीचपटीच्या आत राहा, किंवा पट्टी गरम ठेवा, किंवा एसबीआर वापरा, त्यात स्टायरिन आणि ब्युटाडाइन आडवेतिडवे मिसळलेले असल्याने रांग लागतच नाही.

खाली वाकत असेल, स्ट्रेस चढतोय पण फ्रिंज वाढायचं नाव नाही, तर साखळ्या संपल्या. म्हणजे दोन गाठींमधली साखळी जवळजवळ सरळ झाली, वळायच्या होत्या तेवढ्या काड्या वळल्या, बायरिफ्रिंजन्सला वरची मर्यादा असते, स्ट्रेसला नसते. घट्ट जाळ्यात, जिथे दोन गाठींमध्ये थोड्याच काड्या, तिथे हे लवकर होतं. हार्डनर हात सैल सोडून जास्त घातलेल्या बॅचमध्ये बघितलंय. कुन आणि ग्रुनच्या त्याच १९४२ च्या कामात ह्याचंही गणित आहे.

सॉल्व्हंटबद्दल थोडक्यात. टोल्युइनमध्ये विरघळवून फिल्म ओतत असाल आणि नीट सुकवली नसेल तर उतार बदलतो, आणि नुसता पातळ झाल्यामुळे नाही. साखळीच्या काड्या वळल्या की शेजारचे सॉल्व्हंटचे रेणूही थोडे त्यांच्याबरोबर वळतात, रेल्वेच्या डब्यात सगळे एका बाजूला झुकले की मधला माणूसही झुकतो तसं, आणि त्या रेणूंची स्वतःची ध्रुवितता ‘सी’मध्ये मिसळते. ओळखायचं कसं, फिल्म रोज वजन करा, वजन कमी होतंय तोवर मोजणी करू नका. प्लास्टिसायझर घातलेलं असेल तर ते उडून जाणार नाही, ते धुऊन काढावं लागेल किंवा ‘सी’ त्याच्यासकटचा आहे असं लिहावं लागेल.

वजन न टांगताच रंग दिसत असतील तर त्याला केमिस्ट्रीशी देणंघेणं नाही, साच्यातून काढताना ओढलीत किंवा कात्रीने कापलीत. कडेलाच रंग असतील तर कापण्याचा दोष, नवीन ब्लेड घ्या आणि एका दाबात कापा. सगळीकडे असतील तर पट्टी काचेवर टाल्कम पावडर टाकून मोकळी ठेवा, क्युअरच्या तापमानाला दोन तास, आणि ओव्हन बंद करून दार न उघडता गार होऊ द्या. तरी राहिले तर पूर्ण क्युअर न होताच साच्यातून काढलीय, ती पट्टी फेकायची.

शेवटचं चिन्हाचं, कारण ह्यात सगळेच एकदा तरी पडतात. बरेच जण लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन पोलराइज्ड प्रकाश म्हणून वापरतात, मीही वापरते, दिव्याचा खर्च वाचतो. पण स्क्रीनचा अक्ष काही मॉडेलमध्ये उभा-आडवा असतो आणि काहींत ४५ अंशांत, आणि पट्टी अक्षाला समांतर धरली तर कितीही ताणा, अंधारच राहतो, मग ‘बायरिफ्रिंजन्स शून्य आला’ असं लिहून मोकळे होतात. आधी नुसता पोलरायझर स्क्रीनसमोर फिरवून पूर्ण काळोख कुठे होतो ते बघा, त्यावरून अक्ष कळतो, पट्टी त्याला ४५ अंशांत. मग टिंट प्लेटचा स्लो ॲक्सिस (ज्या दिशेचा अपवर्तनांक जास्त ती दिशा) पट्टीच्या लांबीला समांतर ठेवा आणि हळू ताणा, अगदी थोडं. जांभळ्यावरून निळ्याकडे गेलं तर बेरीज होतेय, ‘सी’ अधिक, पिवळ्याकडे गेलं तर वजाबाकी, ‘सी’ उणे. जास्त ताणलं तर रंग पुढच्या फेरीत जातात आणि उलटं वाचलं जातं, आमच्याकडे एका मुलाने असंच युरेथेनला उणे ठरवलं होतं आणि दोन आठवडे त्याचं कारण शोधत होता, मीही त्याच्याबरोबर.

मामांनी आता प्रत्येक बाटलीवर मार्करने ‘उघडली’ म्हणून तारीख टाकायला सुरुवात केलीय, मला न विचारता.